शेवटचं नीट कधी बोलले?

कॅज्युअल्टीच्या दारात मोठ्या सिस्टर उभ्या असल्या की आरडाओरडा करणाऱ्यांची डाळ शिजत नसे. ज्याच्या तोंडाचा पट्टा सुरू आहे त्याचा श्वास शाबूत आहे, असा बाईंचा साधा हिशेब. ओरडणाऱ्याला त्या बाकावर बसवत आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्याची नाडी आधी बघत. या नजरेमुळे कितीतरी माणसं आपल्या पायांनी घरी गेली. लकव्याचा पेशंट आला की त्या नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारत, शेवटचं नीट कधी बोलले? मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन तेव्हापासून ठरावीक वेळेतच देता येतं. कुणी चाचरलं की फाडकन म्हणत, "एकाच घरात राहता ना?"

घरी त्यांचे यजमान म्हणजे तक्रारींचं दुकान. निवृत्त झाल्यापासून तर त्या दुकानाला सुट्टीच नव्हती. शिंक आली तरी गृहस्थ आडवे. घरात एक कायमचा पेशंट आहे आणि त्याला डिस्चार्ज नाही, असं सिस्टर हसत सांगत.

त्या दिवशी सकाळी त्या ड्यूटीला निघाल्या, तेव्हा यजमान उजव्या हाताला मुंग्या आल्याचं सांगू लागले. हातावर झोपला असाल, असं चप्पल चढवता चढवता सिस्टर म्हणाल्या. वर ऐकवलं, "कण्हणाऱ्याला काही होत नसतं. रोज बघते मी."

दुपारी परतल्या, तर ते खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसलेले. जेवलात का विचारलं, उत्तर नाही. सकाळचा राग अजून नाकावर आहे, असं त्यांना वाटलं. खरं तर बरंच वाटलं. पाय बोलत होते आणि घर कधी नव्हे ते शांत होतं. त्यांनी पाठ टेकली. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन सरलं होतं. यजमान तसेच होते, उजवा हात खुर्चीबाहेर लोंबत होता.

त्यांच्याच कॅज्युअल्टीत, रोज सोबत काम करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, शेवटचं नीट कधी बोलले?"

"सकाळी," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. इंजेक्शन द्यायची वेळ टळून गेली होती. शेजारीण नंतर म्हणाली, सिस्टर यायच्या थोडंच आधी ते तिच्याशी दारात बोलले होते, त्या हाताबद्दलच. म्हणजे सिस्टरांनी नुसतं समोर जाऊन तोंड पाहिलं असतं, तरी वेळ हातात होती. हे त्यांच्या मनातून आजही जात नाही.

यजमान वाचले, काठी घेऊन चालतात, वाचा मात्र गेली. सिस्टर अजून दारात उभ्या असतात, पण चाचरणाऱ्या नातेवाइकांना आता बोलत नाहीत.

घरी आल्या की चप्पलसुद्धा न काढता त्या यजमानांसमोर बसतात. काय दुखतंय, म्हणून विचारतात. डोकं, पाठ, गुडघा, हात, जुन्या सगळ्या तक्रारींची नावं एकेक करून घेतात. यजमान त्यांच्याकडे बघतात आणि प्रत्येक नावाला नकाराची मान हलवतात.