सुक्याचे हात

सत्तावन्न साली डोळखांबजवळच्या पाड्यावरचा सुक्या मोहाच्या झाडावरून डोक्यावर पडला. जखम भरली, पण तेव्हापासून त्याच्या डोक्यात नवं काही टिकेना. लग्न आठवायचं, सकाळी खाल्लेली भाकर आठवायची नाही.

शहापूरचे डॉक्टर त्याच्या बायकोला, यमूला म्हणाले, "जुनं राहील. नवं राहणार नाही."

"डोक्यात नाय राहणार. पण हातात?" यमूनं विचारलं.

"ते मलाही माहीत नाही. करून बघा."

यमू हट्टाला पेटली. सुक्यानं जन्मात न केलेलं काम तिनं मुद्दाम निवडलं. लावणीच्या पावसात डोक्यापाठीवर घ्यायचं बांबूचं इरलं त्यानं विणायचं. "काल तुमी हेच विणत होता," असं ती आधी सांगायची. आपली थट्टा चाललीय असं वाटून तो चिडायचा, कामट्या फेकून द्यायचा. मग तिनं सांगणंच सोडलं. रोज सकाळी गुपचूप कामट्या त्याच्या हातात द्यायची.

"मला नाय येत गो," तो रोज म्हणायचा.

"नाय तर नाय. हात चालवा," ती रोज म्हणायची.

भगताला बोलवा म्हणून सासूनं डोकं खाल्लं. यमूनं तिलाही कामट्या तासायला बसवलं.

दोन पावसाळे गेले. मुरबाडच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं इरलं उलटंसुलटं करून पाहिलं. "घट्ट आहे. कोणी विणलं?"

"यांनीच," यमू म्हणाली.

सुक्या हसला. "मला कुठं येतं?" म्हणाला, आणि बोलता बोलता इरल्याच्या काठाची सुटलेली कामटी त्यानं न बघताच आत खोचून टाकली.