भिंतीला आपटलेले कण

गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात लॅबमधले जुने कॉम्प्युटर एकमेकांना जोडून मी इलेक्ट्रॉनच्या झोताची नक्कल करणारा प्रोग्रॅम चालवायचे. एकट्या मशीनला ते झेपायचं नाही, म्हणून लाखो कण सगळ्यांत विभागून द्यायचे. नळीतून धावताना एखादा कण भरकटून भिंतीला आपटला, की आम्ही तो हिशेबातून पुसून टाकायचो. पुढे त्याचं काय होतं, हे विचारायची गरजच नव्हती.

त्याच वर्षी आईच्या घशात गाठ निघाली. रेडिएशनसाठी तिला इगतपुरीहून नाशिकला आणलं. डॉक्टरांनी मशीन कसं चालतं ते समजावलं. आत तोच इलेक्ट्रॉनचा झोत होता.

तिथल्या तंत्रज्ञांनी आईला टेबलावर झोपवलं, हलू नका म्हणाले, आणि सगळे बाहेर आले. जाड दार बंद झालं. मशीन रोज तपासतात, हे मला माहीत होतं, पटतही होतं. पण डोळ्यांपुढे फक्त भरकटलेले कण येत होते. इथे ते पुसणार कोण? इथे भिंतीच्या जागी आई होती.

दार उघडलं. आई पदर सावरत बाहेर आली, अगदी निवांत.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"कशाची? तू कालेजात हेच करते ना? लेकीला सगळं म्हाईत हाय, मंग मी कशाला भिऊ?"

मी मान डोलावली. लाखो कण विभागून देणारी मी. ही भीती मात्र अख्खी माझ्या एकटीकडेच राहिली.