ऑलाफ ट्वेटची जर्मन रायफल

ऑलाफ ट्वेट गेला तेव्हा त्याची रायफल मुलीकडे, मार्लिसकडे आली. मार्लिस आमच्या गावात शाळेची बस चालवायची. ऑलाफने ती रायफल दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शरण आलेल्या एका जर्मन पोराच्या हातातून घेतली होती, ही गोष्ट आम्ही शेजाऱ्यांनी दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ऐकलेली. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये ती भिंतीवर लावायची ठरली. विम्यासाठी किंमत हवी म्हणून मार्लिस ती जीन कोस्टकाच्या बंदुकांच्या दुकानात घेऊन गेली. जीन तिचा शाळेपासूनचा मित्र.

जीनने आधी रायफल रिकामी असल्याची खात्री केली. ती जर्मनीतच बनलेली होती. पण गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टवरचा नंबर एक आणि नळीवरचा दुसरा. मग त्याने नळीची खालची बाजू उजेडात धरली. तिथे बारीक अक्षरांत एका अमेरिकन व्यापाऱ्याचं नाव कोरलेलं होतं.

"मार्लिस, ही लष्कराच्या जुन्या मालातली आहे," तो म्हणाला. "बाहेरून पेट्या भरून आणायचे आणि दुकानांत विकायचे. सैनिकाने स्वतः आणलेल्या रायफलवर असा शिक्का नसतो. चारशे डॉलर येतील. खरी असती तर दुपटीहून जास्त आले असते."

मार्लिसला पैशांचं काही वाटलं नाही. बाप जन्मभर खोटं बोलला, हे मात्र तिला गिळवेना. ती तशीच आईकडे, इर्माकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

इर्मा मटार सोलत होती. तिने हात थांबवला नाही.

"बाबा खोटं बोलले नाहीत. त्यांनी आणलेली रायफल मी तळ्यात टाकली."

"तू?"

"तू चार वर्षांची होतीस. पलंगाखाली ती घेऊन बसली होतीस, नळी गालाला लावून. आत गोळी होती. त्याच दुपारी मी गोठलेल्या तळ्यावर गेले आणि मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकातून ती खाली सोडली."

ऑलाफने एकदाच विचारलं होतं. तिने खरं ते सांगितलं. त्यानंतर तो आठवडाभर गोठ्यातच जेवला, पण तिला एका शब्दाने बोलला नाही. मार्लिसचं लग्न होऊन घर रिकामं झालं, तेव्हा कुठे त्याने तशीच दुसरी विकत आणली आणि तीच तळ्यातून काढली असं इर्माला सांगून भिंतीवर लावली.

"मला कळलं नाही असं त्यांना वाटायचं," इर्मा म्हणाली. "मीही तसंच वाटू दिलं. त्या पोराची गोष्ट सांगताना त्यांना हातात काहीतरी लागायचं."

मार्लिसने हॉलवाल्यांना खरं ते कळवलं. ते म्हणाले, तरीही द्या. पण इर्माने ती देऊ दिली नाही. रायफल पुन्हा तिच्या स्वयंपाकघराच्या दारावरच्या भिंतीवर गेली. ज्याशिवाय गोळी झाडता येत नाही तो बोल्ट मात्र मार्लिसने काढून स्वतःच्या घरी नेला, आणि इर्माने त्यावर हरकत घेतली नाही.