गरम टॉवेलखालचं बोलणं

सलूनवाला बावीस वर्षं लोकांची डोकी आणि गुपितं हाताळतो आहे. कुणाचं जमलं, कुणाचं फाटलं, सगळं त्याला ठाऊक. घरात मात्र पंधरा वर्षांच्या मुलाशी त्याचं बोलणं "जेवलास?" आणि "केस वाढलेत" यापुढे जात नसे.

परवा बायकोला मुलाच्या दप्तरात एक डबी सापडली. आत करडी पूड, सोबत चिठ्ठी: झोपेत वीर्य गेल्याने येणाऱ्या अशक्तपणावर रामबाण. मुलाने महिनाभर फुटबॉल का सोडला आणि रोज सकाळी चादर स्वतः का धुतली, हे तिला एका दमात कळलं.

"चादर स्वतः धुतो म्हणून मी शेजारणीपुढे त्याचं कौतुक करत होते," ती नवऱ्याला म्हणाली. "अहो, पोरगं आपण खंगत चाललोय असं समजतंय. तुम्ही बोला."

"तू बोल ना."

"मी बोलले तर तो घर सोडून जाईल. तुम्ही बोललात तर फार तर तुम्ही जाल."

मंगळवारी दुपारी, दुकान रिकामं असताना, त्याने मुलाला बोलावलं. मुरुमांना वाफ बरी, हे निमित्त. पहिल्या खुर्चीत बसवून गळ्याभोवती कापड बांधलं, तोंडावर गरम टॉवेल टाकला. नजरेला नजर द्यावी लागू नये, हा खरा डाव. मग आतल्या मोरीपाशी जाऊन तो वाक्यं जुळवत राहिला.

इकडे मुलगा उकडतं म्हणून पंख्याखालच्या दुसऱ्या खुर्चीत गेला आणि पुन्हा टॉवेल ओढून पडला. मागोमाग गणिताचे निवृत्त सर आले. अंगाने किडकिडीत, पहिली खुर्ची नेहमीची. कापड स्वतःच ओढायचं, डब्यातला गरम टॉवेल स्वतःच तोंडावर घ्यायचा आणि दाढीची वाट बघत पडून राहायचं, ही त्यांची जुनी पद्धत.

सलूनवाला आला तो कंगव्यांच्या बरणीकडे बघतच. पहिल्या खुर्चीमागे उभा राहिला.

"हे बघ, झोपेत होतं ना, तो आजार नाही. वयात येताना होतंच. मलाही झालं. त्याने ताकद जात नाही. लाजू नकोस. काय विचारायचं ते विचार."

टॉवेलची कड जरा उचलली गेली.

"विचारतो," सर म्हणाले. "सत्तरीत काहीच होत नाही, त्याचं काय?"

बरणी आडवी झाली. शेजारचा टॉवेल गदगदू लागला. मुलगा हसत होता. मग टॉवेल न काढताच म्हणाला, "बाबा, पण चिठ्ठीत लिहिलंय, एका थेंबामागे शंभर थेंब रक्त जातं."

उत्तर सरांनी दिलं.

"एका वेळेला तीन मिलिलिटर धर. शंभरपट?"

"तीनशे."

"अंगात रक्त पाच लिटर. म्हणजे सतराव्या खेपेला माणूस खलास. मग माझ्या वर्गातलं एकही पोरगं दहावीला पोचलं नसतं रे!"

"मग पूड बंद?"

"बंद," बाप म्हणाला. या वेळी योग्य खुर्चीकडे बघून.

"अजून विचारू?"

सलूनवाल्याने दाराला 'बंद'ची पाटी लावली. सर उठायला लागले, त्यांना मुलानेच थांबवलं. प्रश्न सात निघाले. दोन प्रश्नांची उत्तरं बापाला आली, तिनांची सरांना. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी बापलेक दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. तिथे मुलगा बोलला. बाप खिडकीबाहेर बघत होता.