बाईंचा उताणा तळहात

"कशावरून?" असं विचारून बाई उजवा हात पुढे करायच्या. तळहात उताणा, बोटं जरा वाकलेली, खडूने पांढरी झालेली. आपण काहीतरी काढून त्या हातावर ठेवावं, तसा तो हात. उत्तर मिळेपर्यंत खाली यायचा नाही.

"बाई, पोटात दुखतंय, घरी जाऊ?"

"कशावरून?"

"बाई, पेशवे हरले, कारण त्यांच्यात फूट होती."

"कशावरून?"

शिपाईमामा चहा ठेवता ठेवता म्हणाले, "बाई, गरम आहे," तरी तेच. मग स्वतःच कपाला बोट लावायच्या आणि म्हणायच्या, "मान्य."

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. एकच शब्द आयुष्यभर वापरणारं. आम्ही मागच्या बाकांवर बाईंची नक्कल करायचो. मी सगळ्यात चांगली करायचो, हे आज कबूल करतो.

बाई आम्हाला नववीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या. राहायला डोंबिवलीला, शाळा कळव्याला. बोलणं एकदम स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. आमच्या तोंडून "मी बोललो त्याला" निघालं की कपाळाला आठी. पण आठीच, त्यापुढे काही नाही. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने त्यांनाच विचारलं, "बाई, तुम्ही सांगताय ते तरी कशावरून?" आम्हाला वाटलं, गेला हा आता. दुसऱ्या दिवशी बाई पिशवीतून तीन जाड पुस्तकं घेऊन आल्या. वाचून दाखवलं. "काल मी सांगितलं ते चुकीचं होतं. तुझी शंका बरोबर." असं म्हणून फळ्यावर त्या पोराचं नाव लिहिलं. ते नाव आठवडाभर पुसलं नाही. पोरगा पुढे गणितात नापास झाला, पण त्या आठवड्यात त्याची चाल बघण्यासारखी होती.

आमच्या घरी त्या वर्षी सगळं अवघड होतं. डोंगराच्या उतारावर एक खोली, पाणी खालून हंड्याने वर आणायचं. पप्पा कोलशेतला पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका लहान कंपनीत होते. ती बंद पडून दोन वर्षं झालेली. आई दोन घरी पोळ्या करायला जायची आणि पप्पा खारेगावच्या एका सोसायटीत वॉचमन. बारा तास. नववी झाली की मी मामाकडे भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला लागायचं, असं ठरलेलं.

"दहावी काय, बाहेरून देता येते," पप्पा म्हणाले.

आमच्या घरात आतूनही कोणी दिली नव्हती. मला शिकायचं होतं, पण घरात हे कुठल्या तोंडाने बोलणार?

त्यात आमच्याच वर्गातला निखिल नेमका त्या सोसायटीत राहायचा, तिसऱ्या मजल्यावर. म्हणून मी त्या गेटसमोरून कधी जायचो नाही. लांबचा रस्ता घ्यायचो. वर्गात कोणी विचारलं तर "पप्पा कंपनीत आहेत." दोन वर्षांपूर्वी ते खरं होतं.

तर त्या आठवड्याची गोष्ट.

आदल्या शनिवारी बाईंनी घरचा अभ्यास दिला होता. आपल्या घराचा इतिहास, दहा ओळी. सोमवारी बेचाळीस वह्या जमा झाल्या. बाईंनी सगळ्या वाचल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"या वर्गात बेचाळीस मुलं आहेत. त्यातल्या अडतीस जणांचे पूर्वज महाराजांच्या सैन्यात होते. तेरा किल्लेदार आहेत. एवढे किल्ले होते का रे?"

वर्ग हसला. मीही हसलो. माझाही एक किल्लेदार होता, महाडकडचा.

"कशावरून?" हात पुढे. बेचाळीस जणांसमोर एकच हात, आणि त्यावर ठेवायला कोणाकडेच काही नाही.

"उद्या एक वस्तू आणा. घरातली, खरी. तिच्यापासून सुरू करू."

मंगळवारी वर्गाचा बाजार झाला. कोणी पितळेचा तांब्या, कोणी आजीचं जातं ओढत आणलेलं. मयूर हा कळवा गावातला, आगरी. त्याने मिठागरात मीठ ओढायची लाकडी फळी आणली. दांडा हाताच्या पकडीने झिजलेला. "माझ्या आज्याची हाय," एवढंच म्हणाला. बाई त्या झिजलेल्या जागेवर किती वेळ बोट फिरवत राहिल्या. "याला म्हणतात भौतिक साधन. तुझे आजोबा डावखुरे होते का रे?" मयूर बघतच राहिला. होते.

मी पप्पांचा पितळी बिल्ला नेला होता. देवाच्या फोटोमागे असायचा. वर नुसता आकडा कोरलेला.

"कोणाचा?"

"पप्पांचा. कंपनीत आहेत."

"कशावरून?"

मी बिल्ला तळहातावर ठेवला. बाईंनी तो उलटसुलट केला, मग खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "मोरे, कामावर जाताना बिल्ला गेटवर दाखवावा लागतो ना? मग हा आज तुझ्याकडे कसा?"

मी बिल्ला परत मागितला.

"वस्तू खोटं बोलत नाहीत, बाळा. शाळा सुटल्यावर थांब."

थांबलो. सगळं सांगितलं. वॉचमन, निखिल, भिवंडी, सगळं. मला वाटलं, बाई समजूत घालतील. नाही घातली. "चल, दाखव," म्हणाल्या. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या गेटवर गेलो.

पप्पा स्टुलावर बसलेले, मांडीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही. मला बघून उठले, बाईंना बघून टोपी सारखी केली. बाईंनी वही मागून घेतली. नाव लिहिलं. कुठून आलात, ते लिहिलं. पुढच्या रकान्यात, 'कोणाकडे', तिथे पप्पांचं नाव विचारून पूर्ण नाव लिहिलं. पप्पा त्या ओळीकडे बघत राहिले. त्या वहीत रोज पन्नास जणांची नावं पडायची. त्यांच्याकडे म्हणून आजवर कोणी आलं नव्हतं.

"मुलाला शाळेतून काढताय म्हणे."

"काढतोय म्हणजे… बाई, शिकून काय होतंय आमच्यातल्या माणसाचं?"

"कशावरून?"

हात आला पुढे. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, या बाईंना काय हवंय म्हणून. मला त्या अवस्थेत हसू फुटलं.

"आत्ता सांगू नका," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी वर्गात या. मुलांना कंपनीचा इतिहास हवाय आणि तो कुठल्या पुस्तकात नाही. तुमच्या तोंडून ऐकायचाय."

"मी चौथी शिकलेला माणूस, बाई. काय बोलू तिथं? पोरं हसतील."

"हसू देत. मलाही हसतात. मागून नक्कल करतात." हे त्या पप्पांना सांगत होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

बुधवार-गुरुवार आम्ही प्रश्न तयार केले. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा, हे बाईंनी शिकवलं. उत्तर त्याच्या तोंडात घालायचं नाही. तो थांबला तर आपणही थांबायचं. मी एकही प्रश्न लिहिला नाही. माझ्या डोक्यात एकच, शुक्रवारी निखिल काय म्हणेल.

शुक्रवारी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाईंनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः वही घेऊन तिसऱ्या बाकावर, मयूरच्या शेजारी. पप्पा खुर्चीच्या अगदी टोकावर बसले.

"अरे, हे तर आमचे वॉचमन काका!" निखिल म्हणालाच.

मी मान खाली घातली. तेवढ्यात पप्पांचा आवाज, "हो रे बाबा. तुझी सायकल मीच बघतो. मागच्या चाकात हवा नाय, चार दिवस झाले." वर्ग खदाखदा हसला. निखिलही. आणि दोन वर्षं मी ज्याला घाबरत होतो, ते एवढ्यात संपलं.

मग प्रश्न सुरू झाले. डबा कसा बनतो? पत्र्याने हात कापतात का? पप्पांनी बोटं दाखवली. कोणाच्याही घरी गेले की पप्पा डबा उलटा करून त्याची शिवण का बघतात, ते मला त्या दिवशी कळलं. कंपनीतल्या संपात काय झालं, हात वर करून मत कसं घेतलं, सगळं सांगितलं. खुर्चीवर आता मागे टेकून बसले होते.

"कंपनी बंद कशी झाली?" एका मुलीने विचारलं.

"सकाळी गेलो तर गेटला टाळं. काम सोडताना बिल्ला जमा करायचा असतो, तो माझ्या हातात तसाच राहिला. नंतर एकेकाला बोलावून कागदावर सही घेतली."

"कागदात काय होतं?"

"इंग्लिशमधी होता. त्यांनी बोट ठेवलं, मी सही केली."

"पण काय होतं?"

पप्पा थांबले. बाईंनी शिकवल्याप्रमाणे आम्हीही थांबलो. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली घडी काढली. आणून ठेवली होती, म्हणजे त्यांनाही तो प्रश्न माहीत होता.

"अजून माहीत नाय," पप्पा म्हणाले. "कोणाला विचारायचं?"

घरात नववीत शिकणारा मुलगा होता. त्यालाही विचारलं नव्हतं. बाप मुलाला कसं विचारेल?

"मोरे, वाच," बाई म्हणाल्या.

मी उभा राहिलो. एकेक शब्द वाचायचा, अडायचं. ग्रंथालयातून शब्दकोश आणला गेला. बाईंना अर्थ माहीत असणारच, पण त्या बोलल्या नाहीत. सगळा वर्ग मिळून आम्ही ती चार वाक्यं सोडवली. एका शब्दापाशी सगळेच अडले. शब्दकोशाचं पान उलटायच्या आत निखिल हळूच म्हणाला, "स्वखुशीने."

'मी स्वखुशीने काम सोडत आहे. माझी कोणतीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.'

"स्वखुशीने?" पप्पा म्हणाले. एवढंच.

बाई उठल्या. फळ्याच्या डाव्या बाजूला लिहिलं, 'कागद म्हणतो : स्वखुशीने.' उजव्या बाजूला, 'माणूस म्हणतो : गेटला टाळं होतं.' मग वर्गाकडे वळल्या.

"खरं कुठलं?"

"टाळं," मयूर म्हणाला.

"कशावरून?"

मयूर उभा राहिला. "बाई, खुशीने सोडली असती तर बिल्ला जमा केला असता. देवामागं कशाला ठेवला असता?"

बाईंचा हात तसाच पुढे होता. त्यांनी तो हळूच मिटला, जणू खरंच त्यात कोणी काही ठेवलं होतं. "मान्य," म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या.

घरी जाताना पप्पा चढण सुरू झाल्यावर म्हणाले, "त्या टायमाला तुला दाखवला असता, तर वाचला असतास?"

"सातवीत होतो, पप्पा. अडखळत वाचला असता."

"अडखळत का होईना."

संध्याकाळी त्यांनी मामाला फोन लावला. "पोरगा येत नाय," म्हणाले. मामा पलीकडून काही बोलला असावा. "नाय. तो शिकतोय."

शनिवारी नागरिकशास्त्राचा तास, मूलभूत हक्क. पप्पांनी माझ्याकडे एक प्रश्न दिला होता. मी उभा राहून विचारला, "बाई, सही न करायचा पण हक्क असतो का?"

"असतो," बाई म्हणाल्या. "पण त्याआधी कागद वाचावा लागतो. म्हणून शाळा असते."

कागद बाईंनी ओळखीच्या वकिलांना दाखवला. मुदत कधीच टळून गेलेली. त्यातून काही निघालं नाही, खोटं कशाला सांगू? पण माझी दहावी झाली, आतून. मग बारावी. मग इतिहास घेऊन बी.ए., सकाळी कॉलेज आणि दुपारी दुकानात काम. दर निकालाला बाईंना फोन. दर वेळी पलीकडून तेच, "कशावरून?" आणि मी डोंबिवलीला जाऊन गुणपत्रिका त्यांच्या हातावर ठेवायची. त्या चष्मा लावून वाचायच्या, "मान्य" म्हणायच्या आणि मग गुळांबा-पोळी.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हाही फोन केला.

"बाई, पास झालो. ग्रॅज्युएट."

"कशावरून?" आवाज दमलेला वाटला.

"ऑनलाइन लागलाय, बाई."

"ते मला दिसत नाही. कागद आला की घेऊन ये."

कागद यायला काही महिने लागतात. तो आला तेव्हा बाई नव्हत्या. मी डोंबिवलीला जाऊन आलो. त्यांच्या मुलाने पाणी दिलं, बाईंच्या फोटोखाली ती पुस्तकांची पिशवी अजून खुंटीला होती. मी पदवी दाखवली नाही. फोटोला काय दाखवायचं?

घरी आलो. पप्पा दारात बसले होते. आता वॉचमनची नोकरी सुटली आहे, गुडघे धरतात.

"काय झालं रे?"

"काही नाही. पदवी आली."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग उजवा हात पुढे केला. तळहात उताणा, बोटं वाकलेली, त्यावर पत्र्याचे जुने वळ.

"कशावरून?" ते म्हणाले.

मी कागद त्यांच्या हातावर ठेवला. माझं नाव, मधे त्यांचं नाव. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवला. कुठेही न अडखळता.

मी पदवीधर आहे. आमच्या घरातला पहिला.