भावोजींचा खांदा

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, घरं रंगवतात. छत रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

सात वर्षांपूर्वी त्यांची शिडी घसरली आणि ते खिडकीच्या गजाला एका हातानं लोंबकळले. जीव वाचला, पण उजवा खांदा निखळला. बसवला, तीन आठवडे हात गळ्यात बांधला. तरी पुढे शर्ट घालताना, झोपेत कूस बदलताना तो निखळू लागला. काम बंद पडेल या भीतीनं दोघं दवाखान्याचं नाव काढेनात. ताईच खांदा बसवायला शिकली.

शेवटी ब्रश वर नेला तरी खांदा निखळू लागला, तेव्हा मी दोघांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

"किती वेळा निखळला?" डॉक्टरांनी विचारलं.

"असेल तीन-चारदा," भावोजी म्हणाले.

"तीन-चारदा?" ताई उसळली. "ते गेल्या महिन्यात! डॉक्टर, पन्नासदा तरी मीच बसवलाय."

डॉक्टरांनी लगेच स्कॅन करायला लावला. खांद्याच्या वाटीची पुढची कड पाव हिस्सा झिजली होती.

"निसटताना दंडाच्या हाडाचा गोळा दर वेळी या कडेवर घासतो," डॉक्टर म्हणाले. "आता फाटलेला भाग नुसता शिवून भागणार नाही. जवळच्या हाडाचा तुकडा स्क्रूनं तिथे बसवू."

"म्हणजे कोपरा ढासळलाय. आधी गिलावा, मग रंग," भावोजी म्हणाले. मग हळूच, "छत जमेल ना पुन्हा?"

"सहा महिन्यांनी सांगतो."

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे घरीच बसवत राहून मीच हाड झिजवलं."

"ताई, तुम्ही खरं बोललात म्हणून स्कॅन केला. यांच्यावर विसंबलो असतो तर नुसतं शिवून घरी पाठवलं असतं."

शस्त्रक्रियेनंतर ताईनं त्यांना बादलीसुद्धा उचलू दिली नाही.

"थाट आहे राजाचा!" मी म्हणालो.

"राजा कपबशा विसळतो का रे?" डाव्या हातानं कपबशा विसळत भावोजी म्हणाले.

सहा महिन्यांनी हाड जुळलेलं दिसलं, परवानगी मिळाली. पहिलं काम माझ्या खोलीचं छत. दुपारपर्यंत अर्धं झालं.

"आज पुरे," ताई खालून म्हणाली. पूर्वी एका दमात छत संपवणाऱ्या माणसानं निमूट ब्रश धुतला. उरलेलं दुसऱ्या दिवशी.

दोन दिवसांच्या रंगांमध्ये पुसट रेघ राहिली. "एक हात मारतो. लोक नावं ठेवतील," भावोजी म्हणाले.

मला तर ती रेघ बघून ताईचे आणि डॉक्टरांचे किती आभार मानू असं झालं होतं. मी शिडी उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली.