मोराच्या चादरीतला मुडदा

माझं लग्न मोडलं ते एका मुडद्यानं. तोसुद्धा खरा नव्हे, पिच्चरमधला.

सुपारी फुटली तेव्हा उजनीच्या धरणाचं काम चालू होतं आणि नवरामुलगा त्या कामावर ओव्हरसियर होता. मुलगा बोलत नसे. मला बघायला आला आणि पोहे बघून परत गेला. त्याच्या वाटचं सगळं त्याची आई बोलायची, निम्मं मराठीत, निम्मं कानडीत, आणि दोन्हींत मिळून सांगायची एकच, की आमचं घराणं मोठं. माझे अप्पा चादरींच्या दुकानात काउंटरवर. ते सगळं ऐकून घ्यायचे. मुलीच्या बापाला मान डोलवावीच लागते, आणि अप्पांची मान तर गिऱ्हाइकांपुढं आधीच सैल झालेली होती.

पण चादरीचा विषय निघाला की हाच माणूस पैलवान व्हायचा. लाल रंगावर मोर असलेली चादर घडीतून झटकायची, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकायची आणि म्हणायचं, "धुवा, आपटा, उन्हात टाका. रंग जात न्हाय." सुपारीच्या दिवशी हीच चादर त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना पांघरली, हेच वाक्य म्हणून. माझ्या बारशालाही त्यांनी पाळण्यात वाकून तेच म्हटलं असणार.

तेवढ्यात मालकांनी बातमी आणली, मुंबईच्या एका पिच्चरमध्ये आपली मोराची चादर दिसते. झालं! पिच्चर कशाचा, अप्पांनी विचारलंसुद्धा नाही. नटी ती चादर पांघरून गाणं म्हणत असणार, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. आणि काय दुर्बुद्धी सुचली, तर व्याह्यांना सहकुटुंब बाल्कनीत बसवून हा पिच्चर दाखवायचा. आई म्हणाली, "आधी तुमी एकटं बघून तर या की." तिचं ऐकलं असतं तर ते अप्पा कसले!

पिच्चर निघाला एका गरीब कारकुनाचा. घरमालक त्याच्या घरी येऊन भांडतो आणि भांडता भांडता मोरीत पाय घसरून मरतो. कारकुनाचा काही दोष नाही. पण साध्या माणसाचं खरं कोण मानतंय? तो घाबरतो, इकडं तिकडं बघतो, पलंगावरची चादर ओढतो आणि प्रेत तिच्यात गुंडाळतो. चादर लाल. वर मोर.

खाली शिट्ट्यांचा धुरळा उडाला. "आपली चादर! सोलापूरची हाय!" माणूस मेला त्याचं कुणाला काही नाही, येडे टाळ्या पिटत होते. बाल्कनीत आमची रांग मात्र नवऱ्यामुलासकट गपगार. होणाऱ्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "हेणद चादर." हेण म्हणजे मुडदा, एवढं कानडी सोलापुरात पोरालाही कळतं. मग सासरे म्हणाले, "काल मी हीच पांघरून झोपलो हुतो की वो." अप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि तो पुढं हातातच राहिला.

इंटरव्हलला अप्पांनी भजी आणली. कुणी हात लावला नाही. मी खाल्ली, रागारागानं सगळी खाल्ली. मनातल्या मनात त्या कारकुनाला म्हणत होते, मेल्या, तुझ्या घरात एखादी गोधडी नव्हती का रे?

पुढं तर कहरच. कारकून ते गाठोडं टांग्यात विसरल्यासारखं करून पळतो, तर टांगेवाला इमानदार, घर शोधत येऊन परत देतो. धर्मशाळेत ठेवतो, तर तिथला म्हातारा "तुमचं सामान राहिलं" म्हणत मागं पळतो. अप्पा पुटपुटत होते, "जाऊ दे रे, जाऊ दे एकदाचं." पडद्यावरच्याला फुटलेला घाम आणि माझ्या शेजारच्याला फुटलेला घाम एकच होता. शेवटी तो कुठंतरी खड्डा काढून प्रेत पुरतो आणि हुश्श करत घरी येतो. दारात बायको कमरेवर हात ठेवून उभी. "चादर कुठंय?" बिचारा परत जातो आणि चादर उकरून आणतो. बायको ती धुते, आपटते, दोरीवर टाकते. शेवटच्या सीनला चादर पुन्हा पलंगावर, कोरी करकरीत.

सगळं थेटर श्वास रोखून बसलेलं. आणि अप्पा मोठ्यानं बोलले, "बघा! रंग गेला न्हाय!"

खाली हशा पिकला. वर सासूबाई उठून चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थ आला, हातात कागदात बांधलेली चादर. "अपशकुन झाला म्हणत्यात. सोयरीक नको म्हणाल्यात." अप्पा जेवले नाहीत, तसेच दुकानात गेले. मी खूप रडले. मुलगा मला आवडला होता, पोहे बघणारा का असेना. आणि अप्पांचं खाली गेलेलं तोंड बघून जास्त रडू येत होतं. मग रडून झाल्यावर राग आला. ती चादर बगलेत मारली आणि तडक दुकान गाठलं. "ही घ्या. घरात नको," म्हणून काउंटरवर आपटली.

तेवढ्यात तो आला. पँटवर धरणाची धूळ. अप्पा उठून उभे राहिले. जावई म्हणावं की गिऱ्हाईक, त्यांना समजेना.

"मोराची चादर हाय का?" त्यानं विचारलं.

सवय कुठं जाते? अप्पांच्या हातानं समोरचीच चादर झटकली. "धुवा, आपटा..." म्हणाले, आणि चादरीची पुन्हा घडी घालू लागले.

"रंग जात न्हाय," तो म्हणाला. "बघितलंय की, मामा."

आमच्याकडं मामा सासऱ्याला म्हणतात. अप्पा तोंडाला रुमाल लावून वळले. मी कसली गप्प बसते! विचारलं, "आणि तुमच्या आई?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "थंडी वाजली की मागंल."

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत सासूबाईंनी मागितली. मी म्हटलं, "आत्याबाई, हेणद चादर हाय ती." त्यांनी नुसता हात पुढं केला. मग मीच त्यांच्या अंगावर घातली, पायापासून गळ्यापर्यंत नीट खोचून.